ते मूल जेवलं

आमच्या चाळीत पाणी पहाटे साडेचारला येतं आणि सहाच्या आत जातं. गेल्या वर्षी मार्चमध्ये आमच्या मजल्यावरच्या रिकाम्या खोलीत एक स्पॅनिश मुलगी सहा महिन्यांसाठी भाड्याने राहायला आली, तेव्हा हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती सातला उठायची. तीन दिवस तिने बाटलीबंद पाण्यावर काढले. चौथ्या पहाटे शेजारच्या काकूंनी तिचं दार बडवलं, हातात बादली दिली आणि नळाकडे बोट दाखवलं. भायखळ्यातला तिचा मुक्काम खरा तिथून सुरू झाला.

वय माझ्याएवढंच, अठ्ठावीस. पेशाने नर्स. नोकरीतून बिनपगारी रजा घेऊन ती सांकली स्ट्रीटवरच्या आशादानमध्ये काम करायला आली होती. मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीचं हे घर १९७६ पासून तेव्हाच्या हिंदुस्तान लिव्हरच्या जागेत चालतं. टाकून दिलेली मुलं, अपंग मुलं, एचआयव्ही असलेली आणि कुणीच नसलेली माणसं तिथे राहतात. स्वयंसेवकांना पगार नसतो; विमानाचं तिकीट आणि राहण्या-खाण्याचा खर्चही ज्याचा त्याने करायचा. मी कोड लिहून पैसे घेणारा माणूस. यातून तुला मिळतं काय, असं मी विचारलं. तिने खांदे उडवले आणि मटकी कशी भिजवतात ते विचारलं.

सकाळी आठला ती चालत निघायची. कपडे हाताने धुवायचे, पिळायचे, वाळत घालायचे, घड्या घालायच्या. मग मुलांना भरवायचं, नखं कापायची. दुपारी एकला परत. "एवढं नर्सिंग शिकले आणि इथे चादरी पिळतेय," असं ती हसत म्हणायची. पहिल्या महिन्यात मात्र ते हसणं जरा ताणलेलंच असायचं. इन्स्टाग्रामवर महिनाभराची सेवा टाकून परतणारे बरेच पाहिले आहेत. माझ्या मते माणसाला नवी जागा कळायला जेवढे दिवस लागतात, तेवढेच दिवस ते राहतात. ही राहिली.

चाळ कमिटीच्या सेक्रेटरींना वेगळीच काळजी होती. "मिशनची बाई आहे. धर्मांतराचं काही नाही ना?" तिला विचारायचा त्यांना संकोच, म्हणून मला विचारलं. कारण काय, तर मला इंग्रजी येतं.

प्रश्न मला खटकला, पण तो बिनबुडाचा नव्हता. या शहरात त्याला दोनशे वर्षांचा इतिहास आहे. १८१३ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. ते धर्मप्रसारासाठीच आले होते, त्यात लपवाछपवी नव्हती. पण त्यासाठी आधी मराठी शिकावी लागली, मग शाळा काढाव्या लागल्या. १८२७ मध्ये याच मिशनची सिंथिया फॅरार मुलींच्या शाळा पाहायला आली. पुढे नगरला तिने चालवलेली शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली, आणि १८४८ मध्ये पुण्यात काय झालं ते आपण शाळेत शिकलो.

आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर नागपाडा आहे. तिथे त्याच मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्टने नागपाडा नेबरहुड हाऊस उघडलं. शेजारी कामाठीपुरा, आजूबाजूला मुसलमान, ज्यू, हिंदू, सगळे गरीब. धर्म बदलायला लावणं हे त्या घराचं काम नव्हतं. ते सगळ्या वस्तीसाठी होतं. १९३६ मध्ये तिथेच समाजकार्याचं शिक्षण सुरू झालं, आणि त्याचीच पुढे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाली. माझा एक मित्र तिथे शिकला. देवनारला दोन वर्षं काढून त्याला नागपाड्याचा पत्ता नव्हता.

हे सगळं मी सेक्रेटरींना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते ठीक आहे. पण ही काय करते?"

ही आमच्या आजीकडे यायची. आजी खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणावर. तिची चादर बदलायची म्हणजे आई, बाबा आणि मी, तिघं लागायचो आणि आजी ओरडायची. या मुलीने एकटीने करून दाखवलं. आजीला हळूच एका कुशीवर वळवायचं, जुनी चादर पाठीपर्यंत लांबट गुंडाळायची, नवीही तशीच अर्धी गुंडाळून तिला लागून अंथरायची, मग आजीला त्या गुंडाळीवरून दुसऱ्या कुशीवर घ्यायचं आणि पलीकडून ओढायचं. आजीला उचलावं लागलंच नाही.

आजीला सातारी मराठीशिवाय काही येत नाही. त्यामुळे फी म्हणून तिने मराठी शिकवायला घेतलं. स्पॅनिशमध्ये लिंगं दोनच, आपल्या तिसऱ्याने तिला फार छळलं. तो चादर, ती पाणी, तो मूल. 'मूल' तर तिला पटेचना. जिवंत माणसाला 'ते' कसं म्हणायचं?

"अजून कुठं काय ठरलंय त्याचं," आजी म्हणाली.

जुलैत तिला मलेरिया झाला. सेक्रेटरींनी स्वतः खाली जाऊन टॅक्सी आणली. काकूंनी आठवडाभर मऊ भात, तूप, मेतकूट पुरवलं. आई रात्री दोनदा उठून ताप पाहायची. तिला याची लाज वाटत होती. मी मदत करायला आले होते, असं तोडक्यामोडक्या मराठीत पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. आजीने आपल्या खोलीतून ओरडून सांगितलं, "मग आता गप जेव."

सेक्रेटरींची शंका त्यानंतरही गेली नाही. "मुलगी चांगलीच आहे, पण..." असं ते अजून म्हणतात.

ऑगस्टमधल्या एका दुपारी ती आशादानहून आली, चप्पल काढली आणि थेट आजीच्या कॉटशी बसली. एक लहान मूल होतं, चार दिवस तिच्या हातून घासच घेत नव्हतं.

"आजी, ते मूल जेवलं," ती म्हणाली. "आज सगळं जेवलं."

आजी डोळे मिटून पडली होती. तिने कुठे दुरुस्ती केली नाही. "आणि ताक?" तिने विचारलं. "वर ताक दिलंस का त्याला?"