नवें यंत्र, जुना संच

कासुर्डीच्या आमच्या घरीं गेल्या दिवाळींत ब्लू-रे यंत्र आलें. माजघरांतला दूरचित्रवाणी-संच मात्र तीर्थरूपांच्या हौसेचा. "आतां नवाच घेऊं," असा मुलांचा आग्रह. मातुःश्री कांहीं बोलल्या नाहींत. पदरानें संचावरची धूळ तेवढी पुसली.

यंत्राला एचडीएमआय हें एकच द्वार. संचाला पिवळें, पांढरें, तांबडें अशीं तीन छिद्रें. नकलेच्या भयानें २०१३ नंतर बनणाऱ्या यंत्रांतून ब्लू-रे चित्रपट जुन्या तारेनें बाहेर देणें बंद झालें. तेव्हां मध्यें रूपांतराची डबी बसविली. तिला वीज स्वतंत्र द्यावी लागते, हें उमगेपर्यंत एक संध्याकाळ खर्चीं पडली! मग पिवळी तार संचाला आणि तांबडी-पांढरी जोडी जुन्या ध्वनिवर्धकाला दिली.

प्रथम लावली ती 'संत तुकाराम' या १९३६ सालच्या चित्रपटाची साधी डीव्हीडी. तीही या यंत्रांत चालते. चित्र पूर्वींइतकेंच धूसर, कारण जुन्या पडद्याच्या ओळी वाढणार कोठून? परंतु मातुःश्रींची दृष्टि आतां त्याहून मंद. विष्णुपंत पागनिसांचा स्वर घुमला आणि त्यांनीं मांडीवर ताल धरला.

नव्या संचाची गोष्ट मुलांनीं पुन्हां काढली नाहीं. नव्याला घरांत घेण्यासाठीं जुन्याला उंबऱ्याबाहेर काढावेंच लागतें, असें थोडेंच आहे?