बोरूचा शिक्का

संगणकावर अक्षरे काढू पाहणाऱ्याने ‘ब्रश’ म्हणताच केसांचा कुंचला डोळ्यांपुढे आणू नये. तेथे ब्रश म्हणजे एक शिक्का. पडद्यावर रेघ ओढली की तो अगदी जवळजवळ पुनःपुन्हा उमटतो आणि आपल्याला ती सलग रेघ भासते. दोन शिक्क्यांतील अंतर वाढवा, रेघेची माळ होते.

असा शिक्का स्वतः घडवण्याची पाळी माझ्यावर लेकीमुळे आली. लग्न ठरल्यावर ती म्हणाली, “बाबा, पत्रिकेवरची नावे आजोबांच्या अक्षरात हवीत.” माझे वडील शिक्षक. गावातल्या कितीतरी पाट्या नि पत्रिका त्यांच्या बोरूने सजल्या. 2009 साली ते गेले. वह्या उरल्या, पण त्यांत जावयाचे नाव कोठून असणार!

संगणकावर ‘गिंप’ नावाची चित्रप्रणाली होती. अमेरिकेत बर्कली येथील दोन विद्यार्थ्यांनी 1995 मध्ये तिचा आरंभ केला. ती आजही विनामूल्य मिळते. सुलेखनाचे तयार ब्रश मी चाळले, परंतु त्यांचा तिरकेपणा रोमन लिपीला साजेसा होता. देवनागरीचा बोरू त्याच्या उलट दिशेने तिरका कापतात. त्यामुळे त्या ब्रशने काढलेल्या ‘क’ची जाडी भलत्याच ठिकाणी जाई. अक्षर वाचता येई, पण पाहुण्याने आपले कपडे घालून यावे तसे दिसे. ब्रशचा कोन उलटा फिरवून ते पुष्कळ सुधारले असते; तरी तो बोरू वडिलांचा झाला नसता.

म्हणून त्यांचाच एक बोरू शाईत बुडवून जाड कागदावर टेकवला. हलक्या दाबापासून भरघोस दाबापर्यंत सहा ठसे घेतले आणि स्कॅन केले. येथे काम नाजूक असते. ठशातला काळा भाग पूर्ण रंग देतो, करडा अर्धवट, पांढरा मुळीच नाही. कागदाची पिवळट छटा राहिली तर प्रत्येक ठशाभोवती पुसट चौकोन उमटतो. तेव्हा पार्श्वभूमी शुभ्र करणे आले. मग सहाही ठसे एकाच फाईलमध्ये थरावर थर ठेवले आणि पाटीवरील पेनच्या दाबानुसार त्यांतला एकेक निवडावा, अशी योजना केली. एकच ठसा असता तर रेघ छापील वाटली असती.

टोकाची झिजलेली कड, शाई कमी पडल्याची खरखर, सारे उतरले. मात्र वडील शिरोरेषा सर्वांत शेवटी, पूर्ण शब्दावर एका दमात ओढीत आणि उजवीकडे किंचित उचलीत. ते उचलणे कोणत्याच ठशात नव्हते. दोन संध्याकाळी त्यांच्या वह्या समोर ठेवून मी हात वळवीत बसलो.

लेकीने नावे बराच वेळ न्याहाळली. “बोरू आजोबांचा आहे,” ती म्हणाली, “पण अक्षर तुमचे झाले.” मला ते जरा लागले. तिने मात्र तेच छापायला दिले.

पत्रिका पाहून पुतण्याने तो ब्रश मागितला. एखाद्या छायाचित्राहूनही लहान अशी ती फाईल. मी लगेच पाठवली. वह्यांची पाने मागेल तर तीही पाठवीन. अजून मागितलेली नाहीत.