तरक्यात न येणारी गाणी

माणूस वारला की आधी कफन-दफनाचा खर्च, मग त्याच्यावरचं कर्ज, मग वसीयत केली असेल तर एक तृतीयांशाच्या आत ती, आणि उरेल त्याच्या वारसांत वाटण्या. आपल्या घरांत हा क्रम शाळा न शिकलेल्या म्हाताऱ्यांनाही पाठ असतो. मयताच्या मालकीचं जे जे होतं ते सगळं तरका. घर, शेत, हंडे-पातेली, मनगटावरचं घड्याळसुद्धा.

अब्बांच्या तरक्यात साठ-सत्तर कॅसेटी होत्या. कव्वाल्या, रफीसाहेब, कारी अब्दुल बासित यांची तिलावत, मिरजेच्या उरुसात घेतलेल्या दोन-चार. (गाणं ऐकणं जायज की नाजायज हा वाद इथे काढत नाही. अब्बा ऐकायचे.) तिलावतीच्या कॅसेटी बाजी घेऊन गेली, कव्वाल्या माझ्याकडे राहिल्या, टेपरेकॉर्डर धाकट्याने नेला. मुफ्तींना विचारायला कुणी गेलं नाही, कारण विचारण्यासारखं काही नव्हतं. वस्तू होत्या, अब्बांच्या होत्या, आता आमच्या झाल्या.

गेल्या रमजानमध्ये जकातीचा हिशेब मांडताना मनात आलं, माझ्या तरक्यात यातलं काय असेल? गाण्यांवर, सिनेमांवर मी अब्बांपेक्षा कितीतरी जास्त पैसे घातलेत. मुलीच्या हातात ठेवता येईल असं त्यातलं फारच थोडं निघालं.

साध्या मोबाईलपासूनच हे सुरू झालं होतं. कंपनीला एसएमएस पाठवायचा, बॅलन्समधून पैसे कटायचे, गाणं फोनमध्ये यायचं. ते ब्लूटूथने मित्राला पाठवायला गेलं की फोन नकार द्यायचा. एवढं मी समजू शकतो, विकत घेतलेली चीज दहा जणांना फुकट का वाटावी? पण हँडसेट बदलल्यावर तेच गाणं माझ्या स्वतःच्या नव्या फोनमध्येही येईना. त्याच दिवसांत स्टँडसमोरच्या मोबाईलच्या दुकानात वीस-तीस रुपयांत अख्खं मेमरी कार्ड भरून मिळत होतं, आणि त्यातलं एकही गाणं कधी अडलं नाही. कुलूप लागलं ते पैसे मोजणाऱ्याच्या दाराला. चोराने ते पाहिलंसुद्धा नाही.

हे कुलूप चालतं असं: फाईल गुप्त लिपीत बांधून ठेवायची आणि ती उलगडण्याची किल्ली फक्त ठरलेल्या यंत्राला द्यायची. किल्ल्या देणारा सर्व्हर कंपनीचा. ॲपलने २००१ मध्ये आयपॉड आणला आणि २००३ मध्ये गाण्यांचं ऑनलाईन दुकान उघडलं, एक गाणं ९९ सेंटला. त्या गाण्यांवर ‘फेअरप्ले’ नावाचं कुलूप होतं, दुसऱ्या कंपनीच्या प्लेअरवर ती वाजत नसत. फेब्रुवारी २००७ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनीच जाहीर पत्र लिहिलं की ही अट रेकॉर्ड कंपन्यांची आहे, आणि त्याच कंपन्या सीडी मात्र बिनकुलपाच्या विकतात. २००९ मध्ये गाण्यांवरचं कुलूप निघालं. सिनेमांवरचं अजून आहे.

दुकान बंद होतं तेव्हा या कुलपाची खरी गंमत कळते. मायक्रोसॉफ्टचं एमएसएन म्युझिक नावाचं दुकान होतं. २००८ मध्ये कंपनीने ग्राहकांना कळवलं की ऑगस्टनंतर किल्ल्या देणारे सर्व्हर बंद होतील. म्हणजे ज्या कॉम्प्युटरवर गाणं आहे तिथे ते वाजेल, पण नवा कॉम्प्युटर घेतलात तर गेलं. ओरड झाल्यावर मुदत २०११ अखेरपर्यंत वाढवली, एवढंच. आता आपल्याकडचं पाहा. फ्लिपकार्टने २०१२ मध्ये ‘फ्लाइट’ नावाने गाणी विकायला सुरुवात केली आणि पुढच्याच वर्षी गाशा गुंडाळला. पण त्यांनी विकली ती साधी एमपीथ्री होती, बिनकुलपाची. मी तिथून घेतलेली गाणी आजही वाजतात. दुकान मेलं, माल जिवंत आहे.

डीव्हीडीचं तर आणखीच. मामूंनी कुवेतहून पोरांसाठी डीव्हीडी आणली होती, ती इथल्या प्लेअरवर लागेना. सगळ्यांना वाटलं डिस्क खराब आहे. डिस्क चांगली होती. सिनेमा कंपन्यांनी जग विभागांत वाटून टाकलं होतं, आखात दोन नंबरमध्ये, भारत पाचमध्ये. आमच्या घरातली माणसं तिकडे कमावून इकडे खातात, हे त्या नकाशा काढणाऱ्याच्या गावीही नव्हतं.

हे सगळं मी मोहल्ल्यातल्या मौलानांसमोर मांडलं. त्यांना तंत्रातलं काही कळत नाही, व्यवहारातलं मात्र अचूक कळतं. त्यांनी विचारलं, “पैसे देताना काय लिहिलं होतं? खरेदी की भाडं?”

“खरेदी.”

“मग मुदत कसली? बैअ झाली की माल तुमचा. वापरा, विका, हिबा करा, मेल्यावर वारसांचा. आणि इजारा असेल, तर किती दिवसांचा ते आधी ठरायला हवं. ‘आमची मर्जी असेल तोवर’ ही काय मुदत झाली? बाजारात बकरा विकणाराही पाय लंगडा असेल तर सांगतो.”

मौलाना चोरांच्या बाजूचे आहेत असं कुणी समजू नये. लिहिण्या-गाण्याचा हक्क विकता येतो का, यावर उलेमांत मतभेद होते. इल्म ही विकायची वस्तू नाही असं म्हणणारे होते. १९८८ मध्ये कुवेतला भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या बैठकीत मात्र ठरलं की लेखनाचे, शोधाचे, व्यापारी नावाचे हक्क हे किंमत असलेले हक्क आहेत आणि त्यांवर अतिक्रमण जायज नाही. मला हे पटतं. उरुसात रात्रभर गळा फाडून गाणाऱ्या कव्वालाची कॅसेट सकाळी शंभर ठिकाणी उतरवून घेतली जायची आणि त्याच्या हाती काही पडत नसे. तो अन्यायच. पण त्याचा इलाज म्हणून जे कुलूप आलं, त्याने त्या कव्वालाचं पोट भरल्याचं मी पाहिलं नाही.

आपला कायदा यात थोडा शहाणा वाटतो. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये कलम ६५-अ आलं. कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण हक्कभंगाच्या हेतूने तोडलं तर, ही अट कलमातच आहे.

वारसांचा प्रश्न मात्र तिथे सुटत नाही. ॲपलने २०२१ मध्ये सोय केली, तुमच्या पश्चात तुमचं खातं कोण उघडणार त्याचं नाव देऊन ठेवा. फोटो, चिठ्ठ्या, फाईली त्या माणसाला मिळतात. विकत घेतलेली गाणी, सिनेमे, पुस्तकं मिळत नाहीत, कारण तो म्हणे परवाना होता आणि परवाना तुमच्याबरोबर गेला. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून कायदा लागू केला की असा परवाना विकताना ‘खरेदी’ हा शब्द वापरायचा तर तो परवानाच आहे हे गिऱ्हाईकाला स्वच्छ सांगावं लागेल. कायमची उतरवून घेता येणारी फाईल त्यातून वगळली आहे. मौलानांना हे सांगितलं तेव्हा ते फक्त “अच्छा” म्हणाले.

मुलगी म्हणते, आता कोण गाणी विकत घेतं, महिन्याचे पैसे भरायचे नि ऐकायचं. तिचं चूक नाही. ते भाडं आहे, भाडं म्हणूनच घेतात, महिना संपला की हिशेब मिटला. मला त्यात लबाडी दिसत नाही. अम्मींना मात्र मी कारवां घेऊन दिला, पाच हजार गाण्यांचा तो डबा. गाणी बाहेर काढता येत नाहीत, पण डबा तरी हातात धरता येतो, कुणाला तरी देता येतो.

बिनकुलपाच्या सगळ्या फाईली मी एका हार्ड डिस्कवर गोळा केल्यात, दुसरी प्रत बाजीकडे ठेवलीय. वसीयतीच्या कागदांबरोबर जी वही आहे तिच्यात हार्ड डिस्कची नोंद घराच्या पावत्यांखाली केलीय. फोनमधल्या ‘माझी खरेदी’ची नोंद केलेली नाही.