धुकं उठू दे

औंढ्याचं धुकं आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. पावसाळ्यात ते डोंगरावरून खाली उतरतं, हिवाळ्यात मात्र जमिनीतूनच वर आल्यासारखं वाटतं. रात्री आभाळ निरभ्र असलं की जमीन लवकर गार होते आणि धरणांकडची ओलसर हवा पहाटे शेतांवर दाटून बसते. उन्हं वर आली की ते विरतं. तेवढा वेळ थांबणं किती जड जातं, ते आम्हाला 2018 च्या डिसेंबरात कळलं.

नाताळच्या आधीचा शनिवार होता. फजरच्या सुमारास कुर्ल्याहून फोन आला. मामू गेले होते. दहाला जनाजा उठणार होता. अम्मीचा हा एकुलता एक भाऊ. साडेसहाला आम्ही गाडीत बसलो, तेव्हा बॉनेटच्या पुढचा रस्ता जेमतेम दिसत होता.

अब्बांनी तीस वर्षं बोरघाटात ट्रक चालवलेला. ते शेजारी बसून सांगत होते, "अप्पर नको, डिपर ठेव." अप्परचा उजेड धुक्याच्या थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. ताशी 60 च्या वेगात गाडी सेकंदाला सुमारे 17 मीटर जाते, आणि आम्हाला वीस मीटरही दिसत नव्हतं. पुढे ट्रक उभा असता, तर ब्रेकवर पाय जाईपर्यंत सगळं संपलं असतं. लोणावळ्याच्या अलीकडे अब्बांनी गाडी एका पेट्रोलपंपाच्या आवारात घ्यायला लावली. अशा धुक्यात रस्त्याच्या कडेला उभं राहणंही धोक्याचं.

"माझा भाऊ थांबणार आहे का माझ्यासाठी?" अम्मी मागून म्हणाली.

अब्बा काही बोलले नाहीत. आम्हीही नाही. आमच्या मनात मात्र उर्स्याची आठवण होती. 23 डिसेंबर 2012 ला तिथे, आमच्याच मावळात, एक टेम्पो दुभाजक ओलांडून समोरच्या मोटारीवर आला. आनंद अभ्यंकर, अक्षय पेंडसे आणि पेंडशांचा लहानगा मुलगा त्यात गेले. त्यांची चूक काय होती? दुसऱ्याची चूक सावरायला आपल्या हाताशी थोडं अंतर आणि थोडा वेळ लागतो. तेवढाच काय तो आपल्या हातात असतो.

आठला धुकं उठलं आणि आम्ही निघालो. खंडाळ्याच्या पुढे जुना रस्ता आणि द्रुतगती मार्ग एकत्र येतात. दोन रस्त्यांची गर्दी एकाच घाटात, त्यात सुट्टीला कोकणात निघालेल्या मोटारी. 2020 साली पाडलेला अमृतांजन पूल तेव्हा उभा होता. त्याच्या अलीकडेच रांग लागली होती. जरा फट दिसली की कुणीतरी गाडी घुसवत होतं. "ज्या गिअरमध्ये चढतोस, त्याच गिअरमध्ये उतर," अब्बांचा जुना मंत्र. उतारावर गाडी न्यूट्रल केली की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐनवेळी लागत नाहीत. आजूबाजूला ब्रेक जळाल्याचा वास येतच होता.

कुर्ल्याला पोचलो तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. जनाजा गेला होता. दारात रिकाम्या खुर्च्या होत्या. भावाचा चेहरा अम्मीला दिसला नाही. मुमानीने तिला जवळ घेतलं आणि एवढंच म्हणाली, "आपा, एका दिवसात एकच मय्यत पुरे."

अम्मी कित्येक दिवस आमच्याशी नीट बोलली नाही. आम्ही योग्य केलं, असं तिने आजवर म्हटलेलं नाही, आणि आम्हीही ते तिच्याकडून वदवून घेणार नाही. तिचं जे राहून गेलं, ते राहूनच गेलं.

गेल्या हिवाळ्यात धाकट्याला मुलाखतीसाठी पहाटे मुंबईला निघायचं होतं. बाहेर पांढरं धुकं होतं. तो किल्ली शोधत घरभर फिरत होता. किल्ली अम्मीच्या मुठीत होती.

"धुकं उठू दे," ती म्हणाली, आणि त्याच्यासाठी चहा टाकायला आत गेली.