बाकावरचे गडी

बास्केटबॉलसारख्या परदेशी खेळाविषयीं घरगुती मासिकांत लिहिण्याचें प्रयोजन काय, असें आमच्या वाचकभगिनी विचारतील. परंतु त्या खेळांतील एक प्रश्न आमच्या मतें प्रत्येक कुटुंबाचा आहे. कर्त्या माणसास विसावा केव्हां द्यावा, आणि मागच्या माणसांवर भरंवसा कितपत टाकावा?

अमेरिकेंतील सॅन अँटोनिओ स्पर्स या संघाचे तत्कालीन प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांनीं याचें उत्तर मोठ्या निग्रहानें दिलें. २९ नोव्हेंबर २०१२ रोजीं मायामी येथें सामना असतां त्यांनीं टिम डंकन, टोनी पार्कर, मानू जिनोबिली व डॅनी ग्रीन यांस आधींच घरीं धाडलें. सामना पांच गुणांनीं गेला, आणि संघास अडीच लक्ष डॉलर दंड झाला. पैसे मोजून नामांकित गडी पाहावयास आलेल्या प्रेक्षकांची तक्रार आम्हांस क्षुल्लक वाटत नाहीं. परंतु पॉपोविच यांची दृष्टि पुढच्या जून महिन्यावर होती.

त्या जूनमध्यें दैवानें त्यांची कठोर परीक्षा घेतली. मायामीविरुद्धच्या अंतिम मालिकेचा सहावा सामना हातीं आला होता. दुरून होणारा मारा अडविण्यास चपळ गडी हवेत म्हणून शेवटच्या क्षणांत उंचापुरा डंकन बाकावर होता. हुकलेला चेंडू प्रतिपक्षाच्या हातीं पडला, रे ॲलन यानें बरोबरी साधली, आणि पुढें विजेतेपदहि गेलें. दुसरा कोणी असता तर त्यानें हें धोरण तेथेंच टाकून दिलें असतें.

पॉपोविच यांनीं तें टाकलें नाहीं. पुढील हंगामांत ४८ मिनिटांच्या खेळांत त्यांच्या एकाहि गड्याची सरासरी ३० मिनिटांपर्यंत पोंचली नाहीं. तरी ८२ पैकीं ६२ सामने जिंकले. ओक्लाहोमाविरुद्धच्या सहाव्या सामन्यांत पार्कर घोट्याच्या दुखण्यामुळें उत्तरार्धांत उतरलाच नाहीं. तेव्हां बाकावरून आलेल्या बोरिस डिओनें २६ गुण केले व सामना राखला. अखेरीस २०१४ सालीं मायामीचा ४-१ असा पराभव झाला. निर्णायक सामन्यांत जिनोबिलीचे १९ व पॅटी मिल्सचे १७ गुण होते. दोघेहि राखीव गडी! हे गडी जूनमध्यें उपयोगीं पडले, कारण नोव्हेंबरमध्यें त्यांस खेळूं दिलें होतें. भरंवसा ऐन वेळीं उसना मिळत नाहीं.

आमच्या मातोश्रींचें वय आतां बहात्तर. गणपतीच्या मोदकांस दुसऱ्याचा हात लागूं द्यावयाचा नाहीं, हा त्यांचा कित्येक वर्षांचा परिपाठ. गतवर्षीं गुडघ्यांनीं असहकार पुकारला, तेव्हां त्यांनीं चैत्रापासूनच दर संकष्टीचे मोदक सुनेकडे सोंपविले. पहिल्या खेपेस निम्म्या पाऱ्या फुटल्या. मातोश्री पाटावर बसून पाहत राहिल्या, उठल्या मात्र नाहींत. भाद्रपदांत एकवीस मोदक सुबक उतरले.

सर्वांनीं सुनेचें कौतुक केलें, तें योग्यच झालें. परंतु आम्हांस अधिक कौतुक वाटलें तें न उठलेल्या मातोश्रींचें. जिनोबिलीसारखा थोर गडी वर्षानुवर्षें बाकावर बसून आपली पाळी पाहत असे, त्यांतहि हाच मोठेपणा होता. विसावा घेणें म्हणजे अडगळींत जाणें नव्हे, एवढें घरच्या वडीलधाऱ्यांस पटविणें हें आपलें कर्तव्य आहे. आणि तें शब्दांपेक्षां त्यांचा सल्ला रोज विचारल्यानेंच अधिक साधतें.