धुरावाचून आग

भारतीय काव्यशास्त्र शिकवताना प्रमाणांचा विषय ओघानेच निघतो. डोंगरावर धूर दिसतो, त्याअर्थी तेथे अग्नी असला पाहिजे, हे अनुमानाचे जुने उदाहरण आम्ही दोघांनीही फळ्यावर किती वेळा लिहिले असेल, त्याची गणती नाही. धूर नाही म्हणून अग्नी नाही, असे मात्र म्हणता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. नैयायिकांचे हे उदाहरणही आम्ही विद्यार्थ्यांना न चुकता सांगतो. 2018च्या पावसाळ्यात आमच्याच घरात मात्र ते आम्हांला आठवले नाही.

मुलगी तेव्हा सहावीत होती. पोट दुखते, अशी तिची तक्रार असे, आणि नेमकी शाळेच्या वेळी ती वाढे. एकदा शौचातून रक्त पडल्याचे तिने आजीला सांगितले. आजीने रक्ती आव ठरवून डाळिंबाच्या सालीचा काढा दिला. पुढे जंतांचे औषधही झाले. रक्त थांबले, असे ती म्हणाली. पोटदुखी राहिली. अखेर रक्त तपासले. हिमोग्लोबिन, प्लेटलेट, अल्ब्युमिन, ईएसआर, सीआरपी, सारे आकडे मर्यादेत. तो कागद आम्ही दोनदा वाचला आणि तिला म्हणालो, "तुला काहीही झालेले नाही. उद्यापासून शाळा बुडवायची नाही." ती गप्प राहिली. ते गप्प राहणे आम्ही कबुली समजलो.

सीआरपी हे प्रथिन 1930 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडले. त्याच्या नावातला 'सी' हा न्यूमोनियाच्या जंतूतील एका घटकाचा आहे. आतड्याशी त्याचा जन्मतः काही संबंध नाही. शरीरात कोठेही दाह झाला, की यकृत ते तयार करू लागते. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये दाह बहुधा मोठ्या आतड्याच्या अगदी आतल्या अस्तरापुरता असतो. आजार सौम्य असेल तर यकृतापर्यंत त्याची वार्ता पोचतेच असे नाही. नव्याने निदान झालेल्या मुलांची उत्तर अमेरिकेतील एक पाहणी 2007 साली प्रसिद्ध झाली. तीत सौम्य अल्सरेटिव्ह कोलायटिस असलेल्या निम्म्याहून अधिक मुलांचे हिमोग्लोबिन, प्लेटलेट, अल्ब्युमिन आणि ईएसआर हे चारही आकडे निर्दोष निघाले होते. पी-अँका नावाची प्रतिपिंडे या आजारात पुष्कळ मुलांच्या रक्तात आढळतात, सर्वांच्या नाही. ती नसली म्हणून आजार नाही असे होत नाही, आणि नुसती असली म्हणून तो सिद्धही होत नाही. (क्रोन्स या भावंड-आजारात पाहिली जाणारी प्रतिपिंडे तर पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या विरोधातली असतात. रूपककारांना हेवा वाटावा असे हे शास्त्र आहे.) हे सारे आम्ही नंतर वाचले. वाचायची वेळ आधीची होती.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त दिसले, तेव्हा मुलांच्या पोटविकारांच्या तज्ज्ञ बाईंकडे गेलो. लिंक रोडवर मेट्रोच्या कामाचे पत्रे लागलेले होते. रिक्षा तासभर अडकली आणि त्या तासात मुलीने दोनदा आमचा हात घट्ट धरला. बाईंनी रिपोर्टांची फाईल बाजूला ठेवली आणि आमच्याकडे न पाहता तिलाच विचारले. पोट किती दुखते, रक्त किती जाते, शौच घट्ट की पातळ, दिवसातून किती वेळा, त्यासाठी रात्री उठावे लागते का, खेळणे-धावणे कमी झाले का. असे सहा प्रश्न. नंतर कळले की हे 'पुकाई' नावाचे मोजमाप आहे. 2007 साली प्रसिद्ध झालेले, शून्यापासून पंच्याऐंशीपर्यंत. त्यात रक्ततपासणीचा एकही आकडा नाही. सर्वांत जास्त गुण, तीस, रक्तस्रावाला. रात्री उठण्याला दहा.

"रात्री उठतेस का गं?" या प्रश्नाला ती म्हणाली, "रोज. दोनदा, कधी तीनदा. पण मी दिवा लावत नाही."

चारकोपची आमची वस्ती जागतिक बँकेच्या साहाय्याने म्हाडाने आखलेल्या योजनेतली. भूखंड लहान, घरे लहान, शेजारच्या घरातला खोकलाही ऐकू यावा अशा भिंती. त्या घरात, आमच्या उशाशेजारून, ती अंधारात जात-येत होती. आपण खोटे बोलतो असे आईबाबांना वाटते, तेव्हा आवाज नको, असा तिचा हिशेब. नाटकातल्या मौनावर आमच्यापैकी एकाने प्रबंध लिहिलेला आहे, हे येथे नमूद केलेले बरे.

शौचाच्या नमुन्यातील कॅलप्रोटेक्टिन वाढलेले निघाले. ही तपासणी आतड्याच्या दाहाबाबत रक्तापेक्षा जवळची साक्ष देते, पण डबी न्यायला मुलगी लाजे. मग दुर्बिणीची तपासणी झाली, अस्तराचे तुकडे तपासले आणि निदान ठरले. न्यायशास्त्राच्या भाषेत हे प्रत्यक्ष. परंतु प्रत्यक्षापर्यंत आम्हांला नेले ते शब्दाने. आप्ताचे वचन हे प्रमाण, असे शास्त्र म्हणते. आप्त म्हणजे जाणणारा आणि खरे सांगणारा. अकरा वर्षांची मुलगी आप्त असू शकते, हे आमच्या कोणत्याच नोट्समध्ये नव्हते.

मेसालामिनच्या गोळ्या सुरू आहेत. मधल्या काळात दोनदा आजार उसळला, एकदा स्टेरॉइड द्यावे लागले. दर काही महिन्यांनी रक्त तपासतो. ते निरर्थक नाही. रक्तक्षय झाला, अल्ब्युमिन उतरले, तर कळायलाच हवे. गेल्या महिन्यात रिपोर्ट आले, सारे मर्यादेत. कागद न उघडताच आम्ही विचारले, "रात्री उठली होतीस का?"

"एकदा," ती म्हणाली. "पाणी प्यायला. दिवा लावला होता, तुम्ही दोघे घोरत होतात."