ग्रंथी, ग्रंथ आणि गाठ

मराठीचे अध्यापन करणाऱ्या आम्हा उभयतांच्या घरी गेल्या महिन्यात एक नवा मजकूर आला: दोन पाने रक्ताच्या तपासणीची, एक सोनोग्राफीचे. आमच्यापैकी एकीच्या गळ्यात उजव्या बाजूला गाठ आढळली होती. आवंढा गिळला की ती वरखाली होई. आरशात प्रथम दिसली तेव्हा उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तपासून व्हायचा होता, म्हणून डॉक्टरांकडे जाणे आठवडाभर लांबले.

रक्ताचा अहवाल आधी मिळाला. टीएसएच २.१, मर्यादा साधारण ०.४ ते ४. टी३, टी४ ही ठीक. त्या संध्याकाळी आम्ही बासुंदी आणली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी शांतपणे सांगितले, की हे आकडे ग्रंथीचे काम कसे चालले आहे ते सांगतात. गाठ कसली आहे, ते नाही. टीएसएच मुळात अवटू ग्रंथीचे नव्हेच. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून येते आणि अवटू सुस्तावली की वाढते. वर्ग जितका ढिम्म, तितका आवाज चढवणाऱ्या अध्यापकासारखे. ते फारच कमी असते तर गाठ स्वतःच जास्तीचे संप्रेरक तयार करते काय, हे पाहण्यासाठी वेगळा स्कॅन करावा लागला असता. आमचा आकडा निर्दोष होता आणि प्रश्न जिथल्या तिथे होता.

सोनोग्राफीच्या पानावर 'टाय-रॅड्स ४' असे होते. कर्करोगाची चौथी अवस्था ऐकून माहीत असलेल्या आम्ही तो आकडा तसाच वाचला, आणि ती रात्र कशी गेली हे लिहीत नाही. चार ही अवस्था नव्हे, संशयाची श्रेणी आहे: गाठ भरीव, म्हणून दोन गुण, ध्वनिलहरी कमी परतवणारी, म्हणून आणखी दोन. चार ते सहा गुणांना चौथी श्रेणी, आणि दीड सेंटिमीटरच्या पुढे सुईची तपासणी. आमची गाठ १.८ सेंटिमीटरची. अवटूच्या बहुसंख्य गाठी निरुपद्रवी निघतात, हे वाक्यही आम्ही वाचले होते. पण 'बहुसंख्य' या शब्दाने आजवर कोणाला झोप लागली असेल, असे वाटत नाही.

सुईच्या तपासणीचे निकाल बेथेस्डा पद्धतीने सहा वर्गांत लावतात. दुसरा वर्ग निरुपद्रवी, सहावा कर्करोग, तिसरा अर्थ निश्चित न झालेल्या पेशींचा. समीक्षकांना हा वर्ग आवडावा. आम्हाला पहिला मिळाला: नमुना अपुरा. म्हणजे नापास नव्हे. उत्तरच वाचता आले नाही, फेरपरीक्षा. या तीन आठवड्यांत आमच्यापैकी एकाने महाजालावरचे दिसेल ते वाचले आणि जेवताना वाचून दाखवले. जिच्या गळ्यात गाठ आहे तिने एकदाच सांगितले, "आता पुरे. ही टीका-टिप्पणी माझ्या गळ्यावर चालली आहे." ते वाक्य मनाला लागून राहिले. संहितेचा अर्थ लावण्याची आम्हा दोघांनाही सवय. संहितेला काही वाटत असेल, हा विचार कधी करावा लागला नव्हता.

'ग्रंथ्' म्हणजे बांधणे, गुंफणे. त्यातूनच ग्रंथ आणि ग्रंथी. जुन्या आयुर्वेदात ग्रंथी म्हणजे गाठच. सुश्रुताने ती अर्बुद आणि गलगंड यांच्या शेजारी ठेवली. आजच्या मराठीत ग्रंथी म्हणजे अवयव झाला, आणि त्याच शब्दापासून प्राकृतातल्या 'गंठि'मार्गे घडलेली 'गाठ' आजारासाठी उरली. ग्रंथीतली गाठ ही व्युत्पत्तीच्या दृष्टीने पुनरुक्तीच.

दुसऱ्यांदा सुई सोमवारी घातली, या वेळी सोनोग्राफीच्या पडद्याकडे पाहत. अहवाल शुक्रवारी मिळायचा आहे. मध्ये गुरुवारी द्वितीय वर्षाला शब्दसिद्धीचा तास आहे. तत्सम-तद्भवासाठी दरवर्षी फळ्यावर पहिली जोडी 'ग्रंथि-गाठ' हीच असते. यंदा 'हस्त-हात' यावर भागवावे काय, याबाबत आमचे एकमत झालेले नाही.